रीगल ते कुक काउंटी : श्रोत्यांच्या आवाजातला इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असे वर्गात विचारले की मुले पटापट सांगतात : शिलालेख, ताम्रपट, नाणी, फर्माने, बखरी, प्रवासवर्णने. उत्तर बरोबरच असते. पण ही सारी साधने ज्यांच्या हाती कलम होती आणि ज्यांच्या पदरी कातिब होते, त्यांची आहेत. ज्यांच्या हाती कलम येऊच दिली गेली नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत एकोणिसाव्या शतकात गुलामांना लिहावाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाचून क्षणभर थांबावेच लागते. अशा समाजाचे दप्तर म्हणजे त्याची गाणी. आणि गाण्यांच्या जोडीला आणखी एक दप्तर आहे, ज्याच्याकडे साधन म्हणून सहसा कुणी पाहत नाही. ते म्हणजे त्या गाण्यांना मिळालेली दाद.

या लेखात आम्ही दोन तबकड्यांविषयी लिहिणार आहोत. दोन्ही बी. बी. किंग या कृष्णवर्णीय गायक-गिटारवादकाच्या आहेत, आणि दोन्ही शिकागो शहरात, प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. पहिली 'लाइव्ह ॲट द रीगल'. तिचे मुद्रण २१ नोव्हेंबर १९६४ रोजी रीगल थिएटरात झाले. दुसरी 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल'. तिचे मुद्रण १० सप्टेंबर १९७० रोजी तुरुंगाच्या आवारात झाले. गायक एक, शहर एक, तीन गाणीही तीच. बदलले ते श्रोते. पहिल्या मैफलीत लोक तिकीट काढून आत आले होते. दुसऱ्या मैफलीतल्या लोकांना बाहेर जायची मुभा नव्हती. या तबकड्या ऐकताना जितके लक्ष गिटारकडे द्यावे, तितकेच श्रोत्यांकडे द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज दोन्ही तबकड्या मोबाइलवर सहज ऐकायला मिळतात. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. दाद कुठल्याही भाषेतली असो, ती कळते.

कापसाच्या शेतातून

रायली बी. किंग याचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपी राज्यात झाला. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली होती. पण कापसाच्या शेतावर तिने नवे नाव धारण केले होते. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, वर्षभराची उधारी मालकाच्या दुकानातली आणि हिशेबाची वहीही मालकाच्याच हातात. पीक निघाले की निम्मा वाटा कुळाचा, असे म्हणायचे. पण वही उघडली की कुळ उलट देणेकरीच निघायचे. सावकारी आणि वेठबिगारी ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

रायलीची आई तो लहान असतानाच वारली. पोर कापूस वेचू लागले. चर्चमधला पाद्री गिटार वाजवत असे. त्याने या मुलाला पहिले सूर दाखवले. पुढे इंडियानोला गावी तो ट्रॅक्टर चालवू लागला आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाऊ लागला. त्या दिवसांचा एक अनुभव तो आयुष्यभर सांगत राहिला. देवाचे गाणे गायले की लोक पाठीवर थाप मारून पुढे जात. ब्लूज गायले की खिशात हात घालून नाणे टाकत. १९४६ मध्ये त्याच्या हातून ट्रॅक्टरचे धुराडे मोडले. मालकाच्या भीतीने त्याने मेंफिस शहराची वाट धरली. तिथे डब्ल्यूडीआयए या आकाशवाणी केंद्रावर त्याला काम मिळाले. 'ब्लूज बॉय' या टोपणनावाची आद्याक्षरे घेऊन रायलीचा बी. बी. झाला. १९५२ मध्ये 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' हे त्याचे गाणे कृष्णवर्णीयांच्या बाजारात पहिल्या क्रमांकावर गेले. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. वर्षाचे दिवस ३६५, हे ध्यानात घेतले की हा माणूस कसा जगत होता ते समजते.

त्याच्या गिटारीचे नाव लुसिल. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावी तो एका नाचाच्या जागेत गात होता. ऊब यावी म्हणून पिंपात रॉकेल पेटवून ठेवले होते. दोन पुरुषांची मारामारी जुंपली, पिंप कलंडले आणि इमारतीला आग लागली. सगळे बाहेर धावले. किंगही बाहेर आला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. मारामारी लुसिल नावाच्या बाईवरून झाली होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्याने गिटारीला तेच नाव दिले.

हाळी आणि अजान

किंगच्या आईचा एक मावस-चुलत नात्यातला भाऊ होता, बुक्का व्हाइट. तोही नावाजलेला ब्लूज गायक. तो बोटात धातूची नळी घालून गिटारच्या तारांवर फिरवीत असे, त्यामुळे सूर एकमेकांत वितळत. किंगला ती नळी काही जमेना. तोच परिणाम साधण्यासाठी तो डाव्या हाताचे बोट तारेवर दाबून थरथरवू लागला, तार आडवी ओढू लागला. आपल्याकडे सतारीवर मींड घेतात, तशीच काहीशी ही क्रिया. किंगच्या गिटारचा तो थरथरता, माणसाच्या गळ्यासारखा सूर असा एका न जमलेल्या गोष्टीतून जन्माला आला.

हा बुक्का व्हाइट १९३० च्या दशकात मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात कैदी होता. पार्चमन म्हणजे हजारो एकरांचे तुरुंग-शेत. तिथे कृष्णवर्णीय कैदी बंदुकीच्या धाकाखाली कापूस पिकवीत. लोकसंगीताचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी १९३९ मध्ये तिथे बुक्काचा आवाज मुद्रित केला. पुढे त्यांचे चिरंजीव ॲलन लोमॅक्स यांनी १९४७-४८ मध्ये पार्चमनमधल्या कैद्यांच्या कामाच्या वेळच्या हाळ्या मुद्रित केल्या. शेतात एकट्या माणसाने दिलेली लांब, हेलकावे घेणारी हाळी ही ब्लूजची आई मानली जाते. तिला साथ नसते, ताल नसतो. एकच स्वर ओढत नेलेला, मध्येच मोडलेला, पुन्हा उचललेला असतो.

याच हाळ्यांपैकी 'लेव्ही कॅम्प हॉलर' नावाची एक हाळी इतिहासकार सिल्विआन दियुफ आपल्या व्याख्यानांत ऐकवीत आणि तिच्याशेजारी अजान ऐकवीत. दोन्हींत स्वर लांबवण्याची, एकाच अक्षरावर अनेक सूर घेण्याची, मध्येच थांबण्याची रीत इतकी जवळची आहे, की सभागृह थक्क होई. पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगल, गांबिया, माली या प्रदेशांतून पकडून नेलेल्या गुलामांत मुसलमान मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सर्व्हंट्स ऑफ अल्लाह' या ग्रंथात साधार मांडली आहे. उमर इब्न सईद हे त्यांतले एक ठळक नाव. फुता तोरो प्रदेशातला हा शिकलेला माणूस १८०७ मध्ये अमेरिकेत गुलाम म्हणून विकला गेला. १८३१ मध्ये त्याने अरबीत आपले आत्मवृत्त लिहिले. त्याचा आरंभ सूरह मुल्कने होतो. सारे आधिपत्य एका अल्लाहचे, असे सांगणारी ही सूरह एका 'मालकी'च्या माणसाने आत्मवृत्ताच्या माथ्यावर लिहावी, यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे.

संगीताच्या अभ्यासकांनी आणखी एक दुवा दाखवला आहे. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांचे बंड झाले. त्यात ढोल वाजले होते, म्हणून १७४० च्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. तंतुवाद्यांची मालकांना तशी भीती नव्हती. नगोनी, हलाम यांसारखी तंतुवाद्ये वाजवणारे लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या, इस्लामचा प्रभाव असलेल्या पट्ट्यातून आलेले होते. बँजो हे वाद्य याच घराण्यातले. गेर्हार्ड कुबिक यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात ब्लूजच्या गायनरीतीचा मोठा धागा याच पट्ट्याशी जोडला आहे. मालीचे अली फारका तूरे यांची गिटार ऐकणाऱ्याला मिसिसिपीची आठवण होते, ती उगीच नव्हे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. असे पुरावे वाचले की मन सुखावते, आणि 'ब्लूज ही मुसलमानांची देणगी' असा मथळा लिहायला हात शिवशिवतो. तसे म्हणता येत नाही. ब्लूजमध्ये मध्य आफ्रिकेचे धागे आहेत, चर्चच्या भजनांचे आहेत, युरोपीय गाण्यांचे आहेत. आवाजातले साम्य ही एक खूण आहे. तिला दस्तऐवजाचे वजन देता येत नाही. आपला वाटा जेवढा आहे तेवढा सांगावा. न राहवून वाढवू नये. जो समाज आपल्या वाट्याचा इतिहास दुसऱ्यांनी खोडला म्हणून तक्रार करतो, त्याने दुसऱ्याचा वाटा खोडू नये.

तीन ओळींचा शेर

ब्लूजची रचना आमच्या वाचकांना समजायला सोपी आहे, कारण मुशायऱ्यात ते हेच ऐकत आले आहेत. शायर पहिला मिसरा म्हणतो. मग तोच मिसरा पुन्हा म्हणतो. सभागृह कान टवकारते. आता हा काय म्हणणार? आणि मग दुसरा मिसरा पडतो व 'वाह'चा कल्लोळ होतो. ब्लूजच्या कडव्यात तीन ओळी असतात. पहिली ओळ एक गोष्ट सांगते, दुसरी ओळ तीच पुन्हा म्हणते, तिसरी तिचा निकाल लावते. प्रत्येक ओळीला चार मात्रागट, असे मिळून बारा. पण गायक चारही मात्रागट भरून गात नाही. साधारण निम्म्यात त्याची ओळ संपते. उरलेली जागा मोकळी असते.

ती मोकळी जागा हाच ब्लूजचा प्राण. तिथे वाद्य उत्तर देते. किंगला एकाच वेळी गाणे आणि वाजवणे जमत नसे. हे तो स्वतःच सांगे. म्हणून तो गातो तेव्हा लुसिल गप्प, आणि लुसिल बोलते तेव्हा तो गप्प. दोन माणसांच्या संभाषणासारखे हे चालते. मैफलीत या संभाषणात तिसरा येऊन बसतो, तो म्हणजे श्रोता. स्टुडिओत बंद दाराआड केलेल्या मुद्रणात ती तिसरी जागा रिकामी राहते. म्हणूनच ब्लूजच्या बाबतीत प्रत्यक्ष मैफलीची तबकडी हीच अस्सल प्रत ठरते.

सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरचे थिएटर

रीगल थिएटर १९२८ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात, सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर उघडले. आत सुमारे तीन हजार माणसे बसत. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९१० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या चव्वेचाळीस हजारांच्या आसपास होती. १९६० मध्ये ती आठ लाखांवर गेली. ही माणसे दक्षिणेतून आली होती, त्यातही मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने आलेली फार. ती शेतातली गुलामी आणि झाडाला टांगून मारण्याची दहशत मागे टाकून कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत कामाला लागली होती. १९६४ च्या त्या शनिवारी रीगलमध्ये जमलेल्यांत किती जणांच्या बोटांना कधीकाळी कापसाच्या बोंडांनी ओरखडे आले असतील, याची कल्पना करावी.

ते वर्षही साधे नव्हते. जूनमध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांचे खून पडले होते. २ जुलै रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली होती. त्याच वर्षी कॅशियस क्लेचा मुहम्मद अली झाला. माल्कम एक्स हज करून, मग आफ्रिकेचा लांब दौरा करून रीगलच्या मैफलीनंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कला परतले. कृष्णवर्णीय अमेरिका स्वतःला नवे नाव देत होती. अशा वेळी जुन्या ब्लूजचे काय करायचे, हा प्रश्नच होता. शहरात जन्मलेल्या तरुणांना ते गाणे नको होते. त्यात त्यांना शेताचा, चाबकाचा, खाली घातलेल्या मानेचा वास येई. १९६० च्या दशकाच्या आरंभी एका कार्यक्रमात अशा तरुणांनी किंगची हुर्यो उडवली, आणि गाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्याने पुढे सांगितले आहे. गोऱ्यांनी दार लावलेले तो जन्मापासून पाहत आला होता. आपल्याच लेकरांनी लावलेले दार त्याला नवे होते.

हे मनात ठेवून रीगलची तबकडी ऐकावी. निवेदक नाव पुकारतो, 'एव्हरी डे आय हॅव द ब्लूज' धावत सुरू होते. ते संपल्यावर किंग श्रोत्यांशी बोलतो. आपण आता जरा मागे जाऊ, जुनी गाणी काढू, आणि एखादे तुमच्या ओळखीचे निघाले तर आवाज करून कळवा, अशा अर्थाचे तो सांगतो. साधी विनंती, पण त्या वर्षी, त्या शहरात ती साधी नव्हती. 'जुने आठवते का?' असे तो विचारत होता. मग गिटारचे पहिले सूर येतात, 'स्वीट लिटल एंजल' सुरू होते, आणि सभागृहातून, विशेषतः बायकांच्या गळ्यातून, जी किंकाळी उठते, ती त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आठवते. आम्हांला सारे आठवते, आणि त्याची लाज वाटत नाही.

पुढे 'हाउ ब्लू कॅन यू गेट' येते. त्यात नवरा बायकोला आपण काय काय दिले त्याची यादी वाचतो, आणि प्रत्येक वस्तूला बायकोने कसे नाक मुरडले तेही सांगतो. या जागी सारी वाद्ये थांबतात. एक ठोका, एक तक्रार. पुन्हा ठोका, पुन्हा तक्रार. प्रत्येक तक्रारीला सभागृह चढत जाते. शेवटी यादी मुलाबाळांवर येते, तेव्हा तीन हजार माणसांचा जो स्फोट होतो त्यात हसू किती, कळवळा किती, ते वेगळे काढता येत नाही. शब्द नवरा-बायकोच्या भांडणाचे आहेत. पण ज्या लोकांनी आयुष्यभर दिले आणि वर 'अजून कमीच' असे ऐकले, त्यांना ती यादी फक्त बायकोची वाटली असेल का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला मालकाविरुद्ध तोंड उघडता येत नव्हते, त्याने बायकोच्या नावाने तक्रार करायला शिकणे, ही ब्लूजची जुनी युक्ती. गझलेतल्या बेरहम माशूकाच्या आड हुकूमत दडलेली असते, हे उर्दूच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात.

साऱ्या तबकडीत दहा गाणी, वेळ जेमतेम पस्तीस मिनिटे. २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत घेतली. नंतरच्या पिढीतल्या कित्येक गोऱ्या गिटारवादकांनी तिला आपली शाळा मानले. गंमत अशी की, खुद्द किंगला ती आपली सर्वांत चांगली मैफल वाटत नसे. याहून चांगला आपण कितीदा तरी वाजलो आहोत, असे तो म्हणे. त्याचे खरेही असेल. पण त्या इतर रात्रींच्या दादेची नोंद उरली नाही. या रात्रीची उरली.

सैतानाचे गाणे

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ब्लूजला 'सैतानाचे संगीत' म्हणत. ज्या घरात रविवारी भजन होई, त्या घरात ब्लूजची तबकडी लावायला मनाई असे. आमच्या वाचकांना या वादाची ओळख करून द्यायला नको. संगीत हलाल की हराम, हा वाद आपल्याकडे शतकानुशतके चालला आहे आणि त्याचा निकाल या लेखात लागणार नाही. पण एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. सूफींच्या मैफलीला 'समा' म्हणतात. समा म्हणजे गाणे नव्हे. समा म्हणजे ऐकणे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाच्या अदबीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात भर आहे तो ऐकणाऱ्यावर. ऐकणाऱ्याच्या हृदयात जे आधीपासून आहे, तेच संगीत हलवून वर आणते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. रीगलच्या श्रोत्यांनाही हे मोजमाप लावून पाहावे. किंगने त्यांच्या हृदयात काही नवे घातले नाही. जे होते तेच हलवले, आणि ते किती होते हे त्या आवाजावरून कळते.

कच्च्या कैद्यांची मैफल

रीगलनंतरच्या सहा वर्षांत बरेच काही उलटले. १९६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी किंग मंचावर येताच उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि तो रडला. आपल्या तरुणांनी नाकारले तेव्हा आलेले अश्रू आणि परक्या तरुणांनी स्वीकारले तेव्हा आलेले अश्रू, यांत फक्त काही वर्षांचे अंतर होते. १९६९ च्या अखेरीस आलेल्या 'द थ्रिल इज गॉन' या गाण्याने तो गोऱ्यांच्या घराघरांत पोचला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागो पोलिसांनी धाड घालून ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचक जाणतोच.

हॅम्प्टनच्या हत्येला वर्षही झाले नव्हते, तेव्हा किंग कुक काउंटी तुरुंगात गायला गेला. १९६८ मध्ये विन्स्टन मूर हे तिथे अधीक्षक झाले होते. या तुरुंगाचे ते पहिले कृष्णवर्णीय अधीक्षक. आवारात दोन हजारांहून अधिक कैदी जमले, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. पुष्कळ जण कच्चे कैदी, म्हणजे खटला उभा राहायचा आहे, गुन्हा शाबीत व्हायचा आहे, पण जामिनाला पैसे नाहीत म्हणून महिनोन्महिने आत. हे वाचताना आपल्या वाचकाला काय आठवेल, ते वेगळे लिहायला नको.

तबकडी सुरू होते ती गाण्याने नव्हे. निवेदन करणारी बाई आधी मान्यवरांची ओळख करून देते. शेरीफचे नाव येते, आणि आवारातून हुर्यो उठते. मग मुख्य न्यायाधीशांचे नाव येते, आणि हुर्यो आणखी मोठी होते. या दोन हुर्योंसाठी ही तबकडी प्रत्येक इतिहासाच्या शिक्षकाने ऐकावी, असे आम्हांला वाटते. कोर्टात याच माणसांना 'होय' किंवा 'नाही' एवढेच बोलता येत होते. तिथल्या दप्तरात त्यांचे नाव, कलम आणि तारीख सापडेल. न्यायव्यवस्थेविषयीचे त्यांचे मत मात्र त्या दप्तरात कुठेही सापडणार नाही. ते मत इथे, एका गाण्याच्या तबकडीच्या पहिल्या दीड-दोन मिनिटांत नोंदले गेले आहे, आणि पुसता येणार नाही असे नोंदले गेले आहे.

त्यानंतर पुन्हा तेच 'एव्हरी डे', तेच 'हाउ ब्लू', तेच 'वरी, वरी'. रीगलमध्ये छताखाली दाद गोळा होऊन अंगावर येते; इथे उघड्या आवारात ती विखुरते. 'वरी, वरी'मध्ये किंग मधेच गाणे थांबवून पुरुषांशी आणि बायकांशी घरच्या गोष्टी बोलतो, कैदी हसतात. पण बायको-मुलांपासून तोडलेली माणसे नवरा-बायकोच्या भांडणाला हसतात, तेव्हा ते हसू रीगलचे राहत नाही. आणि 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज', म्हणजे पहाटे तीन वाजले तरी डोळ्याला डोळा न लागणाऱ्या माणसाचे गाणे, कोठडीतल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. गाणे १९५२ चेच. श्रोत्यांनी त्याचा अर्थ बदलला.

आणखीही एक गोष्ट मनाला लागते. १९७० पर्यंत किंगच्या मैफलीत गोरे तरुण वाढत चालले होते. त्याला हवा होता तो आपल्या माणसांचा भरगच्च मेळावा. शिकागोत १९६४ मध्ये तो त्याला थिएटरात मिळाला. १९७० मध्ये तुरुंगात मिळाला. थिएटरातून तुरुंगापर्यंतचा हा प्रवास गायकाचा नव्हता, त्या समाजाचा होता.

किंगवर त्या दिवसाचा खोल परिणाम झाला. कैद्यांच्या सुधारणेसाठी त्याने नामवंत वकील एफ. ली बेली यांच्यासह एक संस्था काढली आणि पुढे अनेक तुरुंगांत जाऊन मैफली केल्या. १९७२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगात गायला. सॅन क्वेंटिन तुरुंगातली त्याची मैफलही १९९० मध्ये तबकडीरूपाने आली. त्याच्या नात्यातला बुक्का पार्चमन तुरुंगात कैदी म्हणून गायला होता. किंग तुरुंगात पाहुणा म्हणून गायला आणि आपल्या पायांनी बाहेर आला. एका पिढीत एवढे अंतर कापले गेले, हे त्या समाजाचे यश; आणि ऐकायला दोन हजार कैदी शिल्लक होतेच, हे त्या देशाचे अपयश.

दाद कापू नये

रीगल थिएटर १९७३ मध्ये पाडले. किंग १४ मे २०१५ रोजी गेला. त्या दोन मैफलींतले बहुतेक श्रोतेही आता नसतील. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. पण त्या शनिवारी रीगलमध्ये किंकाळी मारणारी ती अनाम बाई आणि शेरीफच्या नावाला हुर्यो करणारा तो अनाम कैदी, हे दोघे इतिहासात आहेत, आणि फर्मान काढणाऱ्या कुठल्याही सुलतानाइतकेच पक्के आहेत.

आपल्याकडे पाहिले तर काय दिसते? बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्याने मैदाने हलवली. त्याचे पोवाडे छापलेले मिळतात. मैदानाने त्याला काय उत्तर दिले, हे सांगू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गावोगावच्या उरुसांतल्या कव्वालीच्या, मुशायऱ्यांच्या, मिलादच्या कॅसेटी पेट्यांत पडून बुरशी धरत आहेत. कुणी त्या संगणकावर चढवायला घेतल्याच, तर आवाज 'स्वच्छ' करण्याच्या नादात मधला गलका, 'मुकर्रर'चा पुकारा, मागे रडणारे मूल, कुणाचा तरी खोकला, हे सारे आधी कापून टाकतात. आमची कळकळीची विनंती आहे की, ते कापू नये. शायराचा शेर दिवानात सापडेल, कव्वालाचा कलाम पुस्तकात सापडेल. आपले आजी-आजोबा कोणत्या ओळीला 'वाह' म्हणाले आणि कोणत्या ओळीला गप्प बसले, हे मात्र त्या गलक्याखेरीज दुसरीकडे कुठेही सापडणार नाही.